‘पास ऑफ’ म्हणजे काय? वकिलाच्या नोटिशीतला एक शब्द आणि आपली सोलापुरी चादर



काही दिवसांपूर्वी आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. घरी शेंगा चटणी बनवतात, पाऊचमध्ये भरून दुकानांना देतात. आवाज घाबरलेला होता.

“सर, वकिलाची नोटीस आलीय. सगळी इंग्रजीत आहे. त्यात दोन-तीन ठिकाणी ‘पासिंग’ लिहिलंय. मला वाटलं लायसनचं काहीतरी पासिंग राहिलं असेल, मार्चमध्ये बघू. म्हणून कपाटात ठेवली होती.”

“किती दिवस झाले ताई?”

“तीन आठवडे.”

आता यात ताईंची चूक म्हणावी का? आपल्याकडे पासिंग म्हटलं की डोळ्यासमोर येते एमएच १३ ची नंबर प्लेट आणि आरटीओची रांग. गाडीचं पासिंग झालं म्हणजे गाडी ठीक आहे. पोरगं पास झालं म्हणजे पेढे. ‘पास’ हा आपल्यासाठी चांगला शब्द आहे. पण त्या नोटिशीत ‘पासिंग’च्या पुढे अजून एक छोटासा शब्द होता, ‘ऑफ’. त्या दोन अक्षरांनी सगळा अर्थच फिरवला होता.

वाक्य साधारण असं होतं: “यू आर पासिंग ऑफ युवर गुड्स अ‍ॅज दोज ऑफ अवर क्लायंट.” म्हणजे, “तुम्ही तुमचा माल आमच्या अशिलाचा माल म्हणून खपवत आहात.”

धंदा करणाऱ्या माणसावरचा हा फार गंभीर आरोप आहे. व्हिडिओत मी हा शब्द दोन मिनिटांत सांगितला होता, आज सविस्तर लिहितो. शब्दाचा अर्थ समजून घेऊ, वाक्यात कसा वापरायचा ते बघू, आणि मग आपल्या धंद्यात तो कुठे-कुठे लपून बसलाय तेही बघू.

साध्या मराठीत अर्थ

‘पास ऑफ’ म्हणजे एक वस्तू दुसरीच आहे असं भासवून समोरच्याला देणे. खोट्याला खऱ्याच्या रांगेत बसवणे. हलक्याला भारीच्या नावाने विकणे.

याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे: खपवणे. गंमत बघा. “माल खपला” म्हटलं की व्यापारी खूश. पण “माल खपवला” म्हटलं की ऐकणारा भुवया उंचावतो. आणि “खपवला तो खपवला, वर हापूस म्हणून खपवला” असं म्हटलं की ते झालं शंभर टक्के ‘पास ऑफ’. एका ‘व’ने धंद्याची नियत बदलते.

नेहमीची उदाहरणं घ्या:

- कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून ‘देवगड हापूस’ म्हणून विकला.
- मशीनवर विणलेली साडी ‘हातमागाची पैठणी’ म्हणून दिली.
- कुठलीही ज्वारी पोत्यात भरून वर ‘मंगळवेढा ज्वारी’ छापलं.
- दुसऱ्याने बनवलेला प्रोजेक्ट रिपोर्ट स्वतःचा म्हणून बँकेत दिला.

चारही ठिकाणी वस्तू खरीच आहे. आंबा आंबाच आहे, साडी साडीच आहे. खोटी आहे ती ओळख. हा मुद्दा लक्षात ठेवा. माल निकृष्ट असला पाहिजे अशी अट ‘पास ऑफ’मध्ये नाही. माल चांगला असूनसुद्धा ‘पास ऑफ’ होऊ शकतो, फक्त त्यावर नाव दुसऱ्याचं पाहिजे.

वाक्यात वापरायचा कसा?

फॉर्म्युला एकच: पास + वस्तू + ऑफ + अ‍ॅज + खोटी ओळख.

“ही पास्ड पॉवरलूम टॉवेल्स ऑफ अ‍ॅज हँडलूम.” त्याने यंत्रमागाचे टॉवेल हातमागाचे म्हणून खपवले.

‘ऑफ’ आधी घेतलं तरी चालतं: “ही पास्ड ऑफ पॉवरलूम टॉवेल्स अ‍ॅज हँडलूम.” पण वस्तूच्या जागी ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ असं सर्वनाम आलं, तर ते मध्येच बसतं. “ही पास्ड देम ऑफ अ‍ॅज हँडलूम” बरोबर. “ही पास्ड ऑफ देम” चूक.

‘अ‍ॅज’ विसरू नका. ‘अ‍ॅज’च्या आधी असते खरी वस्तू आणि ‘अ‍ॅज’च्या नंतर येतं खोटं नाव. नोटीस वाचताना सगळ्यात आधी ‘अ‍ॅज’ शोधा. त्याच्या पुढे जे लिहिलंय, तेच भांडणाचं मूळ असतं.

माणसाने स्वतःलाच दुसरं कुणी म्हणून सादर केलं तर मध्ये ‘हिमसेल्फ’ किंवा ‘हरसेल्फ’ येतं. “ही पास्ड हिमसेल्फ ऑफ अ‍ॅज अ बँक ऑफिसर.” तो बँकेचा साहेब असल्याची बतावणी करत होता. यालाही मराठीत जुना, जबरदस्त शब्द आहे: तोतया. पानिपतच्या लढाईत १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक माणूस “मीच भाऊ” म्हणत उभा राहिला, त्याच्यामागे लोक जमले, किल्ले गेले, आणि शेवटी १७७६ साली त्याला पुण्यात देहदंड झाला. इंग्रजीत सांगायचं तर, “ही पास्ड हिमसेल्फ ऑफ अ‍ॅज भाऊसाहेब.” एवढं वाक्य पाठ केलं तरी हा वापर आयुष्यभर विसरणार नाही.

आणि तिसरं रूप म्हणजे ‘पासिंग ऑफ’. हे नाम आहे, कायद्यातलं. ताईंच्या नोटिशीत होतं ते हेच.

चुलत भावंडांशी गल्लत नको

इंग्रजीत ‘पास’ला शेपूट बदललं की अर्थ बदलतो. ईमेल लिहिताना आपली गडबड इथेच होते.

‘पास ऑन’ म्हणजे पुढे पोचवणे. “वी विल पास ऑन द डिस्काउंट टू यू.” सूट तुम्हाला देऊ. इथे चुकून ‘ऑफ’ लिहिलंत तर वाक्याचा विचका होतो.

‘पास आउट’ म्हणजे चक्कर येऊन पडणे. आपण “मी २०१८ ला पास आउट झालो” म्हणतो, ते भारतात चालतं, पण परदेशी ग्राहकाला वाटेल तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडला होता.

‘पाम ऑफ’ म्हणजे नको असलेली वस्तू समोरच्याच्या गळ्यात मारणे. जुना, डाग पडलेला स्टॉक गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला तर तो ‘पाम ऑफ’. तोच स्टॉक ‘नवीन लॉट’ सांगून दिला तर तो ‘पास ऑफ’. ‘रिप ऑफ’ म्हणजे लुबाडणे, बोलीभाषेत हुबेहूब नक्कल मारणे.

आणि हो, खुद्द ‘पास ऑफ’चाही एक सज्जन अर्थ आहे. “द गड्डा यात्रा पास्ड ऑफ पीसफुली.” म्हणजे यात्रा शांततेत पार पडली. इथे फसवणूक काहीच नाही. ओळखायचं कसं? पुढे ‘अ‍ॅज’ नाही. ‘अ‍ॅज’ नसेल तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नाही.

आता घरचं उदाहरण: सोलापुरी चादर

शब्दाचा अभ्यास झाला. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे चला.

सोलापूरचं कापडाशी नातं जुनं आहे. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, आपण तिला जुनी मिल म्हणतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागाची कला इथे रुजवली. पुढे हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि जॅकार्डवर नक्षी विणलेली जाड सुती चादर हीच शहराची ओळख झाली. लग्नाच्या आहेरापासून प्रवासाच्या वळकटीपर्यंत, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत सोलापुरी चादर आहेच.

नाव इतकं मोठं झालं की बाहेरचे लोक त्या नावाचा माल बनवायला लागले. आपल्या कारखानदारांची वर्षानुवर्षांची तक्रार हीच आहे. चादर दुसरीकडे विणलेली, सूत हलकं, वजन कमी, आणि लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘सोलापुरी’. गिऱ्हाईक ती घेऊन जातं. दोन धुण्यांत रंग जातो. ते काय म्हणतं? “सोलापुरी चादरीत आता पूर्वीसारखा दम राहिला नाही.”

बघा, नुकसान कुणाचं झालं? गिऱ्हाइकाचे पैसे गेले ते गेलेच. पण जिने ती चादर विणलीच नाही, त्या साखर पेठेतल्या कामगाराचं नाव खराब झालं. त्याच्या मागावरची खरी चादर महाग वाटायला लागली. ‘पास ऑफ’ करणारा दोन खिसे कापतो, एक समोरच्या गिऱ्हाइकाचा आणि दुसरा ज्याचं नाव वापरलं त्याचा. दुसऱ्याला तर खिसा कापल्याचं कळतही नाही.

यावर उपाय म्हणून भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय टॅग म्हणतो, तो आला. त्याचा कायदा १९९९ चा, लागू झाला १५ सप्टेंबर २००३ पासून. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांचीही नोंद २००५-०६ या वर्षात झाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींमध्ये आपण आहोत. पुढे २०१६ मध्ये सोलापूरचं डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांनाही मानांकन मिळालं.

जीआयचा अर्थ सोपा आहे. हे नाव एका माणसाचं नाही, एका गावाचं आहे. त्या भागात, त्या पद्धतीने बनवलेल्या मालालाच ते लावता येतं. खोटं जीआय नाव लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. खोटा ट्रेडमार्क लावला तरी शिक्षा तेवढीच.

पण टॅग मिळाला म्हणून नकली माल आपोआप थांबत नाही. उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची, पॅकवर ते दाखवायचं, तक्रार करायची, हे काम माणसांनीच करावं लागतं.

कोर्ट काय विचारतं?

‘पासिंग ऑफ’ ही कायद्यातली कल्पना जवळपास दोनशे वर्षं जुनी आहे. १८४२ साली लंडनच्या कोर्टात केसांच्या बामवरून एक भांडण गेलं होतं. तिथे न्यायाधीशांनी सांगितलेल्या तत्त्वाचा सारांश एवढाच की, आपला माल दुसऱ्याचा आहे असं भासवून विकायचा नाही.

पुढे १९९० साली इंग्लंडमध्येच लिंबाच्या रसाची एक केस गाजली. एक कंपनी पिवळ्या प्लॅस्टिकच्या लिंबातून लिंबाचा रस विकायची. दुसऱ्या कंपनीने तसंच लिंबू काढलं. लेबल वेगळं होतं बरं का! पण बाई बाजारात गेली की लेबल वाचत नाही, ते पिवळं लिंबू उचलते. निकाल पहिल्या कंपनीच्या बाजूने लागला. त्या केसमध्ये ‘पासिंग ऑफ’साठी तीन गोष्टी ठरल्या, आपली कोर्टंही त्यांचा आधार घेतात.

१. नावाला पत आहे का? गिऱ्हाईक ते नाव, रंग, पॅकिंग बघून विशिष्ट माणसाचा माल ओळखतं का?

२. दिशाभूल झाली का? समोरच्याच्या वागण्यामुळे गिऱ्हाइकाची गल्लत होते का, किंवा होण्यासारखी आहे का?

३. नुकसान झालं का? किंवा होण्याची शक्यता आहे का?

पत, दिशाभूल, नुकसान. तीन बोटांवर मोजून ठेवा.

इथे बरेच जण विचारतात, “सर, त्यांचा ट्रेडमार्क रजिस्टर नाही, मग काय करतील?” मित्रांनो, हाच मोठा गैरसमज आहे. रजिस्टर ट्रेडमार्कचं उल्लंघन ही वेगळी केस. ‘पासिंग ऑफ’ला रजिस्ट्रेशन लागत नाही. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २७ ने हा हक्क स्पष्ट राखून ठेवलाय. ज्याने आधी वापरलं आणि नाव कमावलं, त्याचा हक्क.

एका फोटो स्टुडिओची गोष्ट

“हे सगळं मोठ्या कंपन्यांचं असतं, आपल्याला कोण विचारतं?” असं वाटत असेल तर ही केस वाचा.

अहमदाबादमध्ये १९८२ पासून ‘मुक्ताजीवन कलर लॅब’ नावाने एक फोटो स्टुडिओ चालायचा. आपल्या नवी पेठेत असतात तसाच. पुढे दुसऱ्या एका स्टुडिओवाल्याने आपलं जुनं नाव बदलून ‘मुक्ताजीवन’ घ्यायचं ठरवलं. पहिला मालक कोर्टात गेला. खालच्या कोर्टाने मनाई दिली नाही. हायकोर्टानेही दिली नाही. दुकानं एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, हाही मुद्दा निघाला.

तो माणूस सुप्रीम कोर्टात गेला. एका फोटो स्टुडिओच्या नावासाठी! आणि डिसेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला. कोर्टाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. ‘पासिंग ऑफ’मध्ये समोरच्याचा फसवण्याचा हेतू सिद्ध करावाच लागतो असं नाही, आणि प्रत्यक्ष नुकसान झाल्याचा पुरावाही लागतोच असं नाही.

याचा तुमच्या-माझ्यासाठी अर्थ काय? “माझ्या मनात तसं नव्हतं” हे उत्तर पुरत नाही. आमच्या ताईंच्या मनातही तसं नव्हतं. प्रिंटिंगवाला म्हणाला, “ताई, शेंगा चटणीला हाच कलर चालतो, हीच डिझाईन चालते, नावात एक अक्षर बदलू.” ताई हो म्हणाल्या. घात झाला तो तिथे.

पण प्रत्येक नक्कल ‘पास ऑफ’ नसते

शब्द नीट समजायचा तर तो कुठे लागू होत नाही हेही कळायला हवं.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला दाखवल्या. सुरुवातीला कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाव नाही. महाराष्ट्रात संताप उसळला. मग कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेच्या पादत्राणांची आहे. कोल्हापुरी चपलेला जीआय आहे, आणि त्या जीआयमध्ये महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपलं सोलापूर. सोबत कर्नाटकचे चार.

हे ‘पास ऑफ’ होतं का? नीट विचार करा. त्यांनी चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली नाही. उलट कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. तक्रार श्रेय न देण्याची होती. आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवणे म्हणजे ‘पास ऑफ’. दुसऱ्याची कला आपल्या नावावर मिरवणे हा त्याच्या उलट्या दिशेचा प्रकार. दोन्हीत राग येतो, पण औषध वेगळं. दुखणं कुठलं ते न ओळखता वकिलाकडे गेलात तर फी जाते आणि हाती काही लागत नाही.

तसंच, नावात ‘अन्नपूर्णा’, ‘साई’, ‘सिद्धेश्वर’ असे सगळ्यांचे शब्द असले तर केवळ तेवढ्याने कुणी कुणाला खपवलं असं होत नाही. पाहायचं ते एकूण रूप: नाव, रंग, मांडणी, माल कुठला, गिऱ्हाईक कोण. घाईतल्या साध्या गिऱ्हाइकाची गल्लत होईल का, हा प्रश्न.

ऑनलाइन विकणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी

आपल्या चॅनलवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: “सर, मी होलसेलमध्ये चादरी घेऊन ऑनलाइन विकतो, ‘सोलापुरी’ लिहू का?”

माल खरोखर सोलापूरच्या उत्पादकाचा असेल तर त्याचं बिल जपून ठेवा. उत्पादकाला विचारा, “तुमची जीआयखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे का?” असेल तर त्याची प्रत मागा. मग छाती काढून लिहा.

माल बाहेरचा असेल तर ‘सोलापुरी’ हा शब्द टायटलमध्ये नको, टॅगमध्ये नको, फोटोवरही नको. “सोलापुरी टाईप” लिहून सुटका होईल असं समजू नका. ‘सोलापुरी’ ठळक आणि ‘टाईप’ मुंगीएवढं, तर दिशाभूल ती दिशाभूलच. त्याऐवजी खरं लिहा: “जॅकार्ड नक्षीची सुती चादर, वजन इतकं, माप इतकं.” गिऱ्हाइकाला वजन आणि माप आवडतं. परत येणारं पार्सलही कमी होतं.

यंत्रमागाला हातमाग म्हणू नका. रीसेल करत असाल तर “आमच्या कारखान्यातून थेट” म्हणू नका. हेही ‘पास ऑफ’च आहे, फक्त छोट्या आकारातलं. नोटीस येवो न येवो, ग्राहक संरक्षण कायद्यातही खोट्या दाव्याला जागा नाही.

तुमच्या नावावर कुणी खपवत असेल तर

आता बाजू बदला. उद्या तुमचं नाव मोठं झालं आणि कुणी तुमच्यासारखं पाकीट काढलं तर?

- पहिल्या दिवसापासूनची बिलं, लेबलचे जुने नमुने, जाहिराती, प्रदर्शनातले तारखेचे फोटो एका फाईलमध्ये ठेवा. ‘आधी मी’ हे कागदानेच सिद्ध होतं.
- समोरच्याचा माल दुकानातून विकत घ्या, पक्कं बिल घ्या. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून फोटो काढा.
- कुठल्या गिऱ्हाइकाची गल्लत झाली असेल, “तुमची चटणी यावेळी खवट निघाली” असा मेसेज आला असेल, तर तो डिलीट करू नका. तो पुरावा आहे.
- दुकानात जाऊन भांडू नका, फेसबुकवर शिव्या देऊ नका. आधी वकिलामार्फत नोटीस.
- आणि ट्रेडमार्कचा अर्ज करून टाका. वैयक्तिक, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका क्लासला ४,५०० रुपये आहे. चादर-टॉवेल क्लास २४ मध्ये येतात, चटणी-मसाले क्लास ३० मध्ये. नोंद १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज केल्यावर ‘टीएम’ लावू शकता. गोलातला ‘आर’ मात्र नोंद झाल्यावरच, आधी लावला तर तोही दंडाचा विषय.

रजिस्ट्रेशन नसलं तरी हक्क आहे हे वर सांगितलंच. पण रजिस्ट्रेशन नसेल तर पत, दिशाभूल, नुकसान हे तिन्ही पटवत बसावं लागतं. ४,५०० रुपयांत ती दमछाक बरीच वाचते.

आणि नोटीस तुम्हालाच आली तर

घाबरू नका आणि कपाटातही ठेवू नका. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, पण तिच्यात दिलेली मुदत खरी असते. उत्तर दिलं नाही तर समोरचा कोर्टात जाऊ शकतो, आणि कोर्टाला गरज वाटली तर तुमचं म्हणणं ऐकण्याआधीसुद्धा तात्पुरती मनाई मिळू शकते. मग विक्री तिथेच थांबते.

त्याच दिवशी नोटिशीवर मिळाल्याची तारीख टाका. ‘अ‍ॅज’च्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून घरातल्या लहान पोराला विचारा, “यातलं आपलं कुठलं?” पोरगं अडखळलं तर समजून जा. मग वकील गाठा, आणि फोनवर समोरच्याला काहीही कबूल करू नका.

ताईंचं पुढे काय झालं?

मी त्यांना त्याच दिवशी वकिलाकडे पाठवलं. उशीर झाला होता, पण केस दाखल झालेली नव्हती. ताईंनी लेखी दिलं की ते पाकीट बंद करते. समोरच्यांनी विषय मिटवला. छापून ठेवलेले सगळे पाऊच वाया गेले. ते पैसे त्यांनी भिशीतून उचललेले होते, हे मला नंतर कळलं.

नवीन लेबल करताना आम्ही दोघं बसलो होतो. मी विचारलं, “ताई, मुळात तसं पाकीट घ्यायची गरज का वाटली? चटणी तर तुमची चांगली आहे.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “सर, चव माझी होती, मेहनत माझी होती. लोकं परत मागायची. पण मागताना नाव त्यांचं घ्यायची. दोन वर्षं मी त्यांचीच जाहिरात केली की हो.”

‘पास ऑफ’चा हा तिसरा कापलेला खिसा माझ्याही लक्षात आला नव्हता. ताईंचा स्वतःचा.

आता पाकिटावर त्यांच्या आजेसासूबाईंचं नाव आहे. त्यांच्याकडूनच त्या उखळात चटणी कुटायला शिकल्या. विक्री पहिल्याइतकी अजून आलेली नाही, खोटं कशाला सांगू. पण मागच्या आठवड्यात एका दुकानदाराने फोन करून त्याच नावाने दहा किलोची ऑर्डर दिली. ताईंनी मला लगेच व्हॉइस मेसेज पाठवला.

आजचा गृहपाठ: तुमचं पाकीट, तुमचा बोर्ड किंवा तुमचं ऑनलाइन टायटल घ्या. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे का, आणि तो तुमचाच आहे का, हे दोन प्रश्न विचारा. काही अडलं तर व्हिडिओखाली लिहा, मी उत्तर देतो.

भेटूया पुढच्या भागात. धंदा करा, मनापासून करा, आणि स्वतःच्या नावाने करा!